अडीच हजारांत

हेमांगी चोगले यांची ओम्नी
आसूदला माझ्या दारात येते आणि बंद पडते.
पडते कसली, त्याच बंद करतात,
मग किल्ली फिरवून दाखवतात:
बघ मुकादम, खोकलासुद्धा येत नाय हिला.

मागच्या सीटा काढून बसवलेली थंड पेटी,
पेटीत सुरमई, दोन टोपल्या बांगडा.
पेटीचा कॉम्प्रेसर, दोन हेडलाइट, पंखा,
छपरावर कर्णा, डॅशबोर्डात जुना टेप,
त्यात त्यांनीच भरलेली कॅसेट,
हर्णैचं ताजं, हर्णैचं ताजं.
मी भिंतीवर खडूने बेरीज मांडतो.
बेचाळीस अँपियर.
कंपनीने दिलेत पस्तीस,
तेही नवी होती तेव्हा, इंजिन जोरात पळताना.
दाभोळच्या जेट्टीवर फेरीबोटीसाठी
गाडी नुसती गुरगुरत उभी असते
तेव्हा पंधरासुद्धा येत नाहीत.
बाकीचं बॅटरी पदरचं घालते.
किती दिवस घालणार?

नवा डायनामो?
साडेनऊ हजार, मी म्हणतो.
पापलेटचा भाव पाडून मागणाऱ्याकडे बघावं
तसं त्या माझ्याकडे बघतात.
अडीच. वर एक सुरमई.

अडीच तर अडीच.
आधी फुकटातलं बघू.
अर्थची पट्टी सोडवतो. तांब्याची होती,
आता हिरवी, बोटांत भुगा होते.
लोखंड गंजतं ते सगळ्यांना दिसतं,
तांब्याला खारा वारा रबराखाली जाऊन खातो.
वीज तयार होते, आणि वाटेतच जिरते.
वेल्डिंगवाल्या मेहताबकडे केबल उरली होती,
अंगठ्याएवढी जाड, दोन हात.
साठ रुपये,
आणि मेव्हण्याच्या लग्नाला यायचं कबूल.

मग बोरकरांची सुमो.
वळणावर उलटली तेव्हापासून
त्यांच्या कुंपणाला टेकून आहे,
बॉनेटखाली कोंबडी अंडी घालते.
तिच्यातला पासष्टचा आहे.
नऊशे म्हणाले, सातशेला दिला,
अंड्यांना हात लावायचा नाही या अटीवर.

पाठीवरचा ब्रेकचा पंप उतरवला,
पेट्रोलगाडीला त्याचं काय काम.
कार्बन झिजून तांदळाएवढे झाले होते, ते बदलले,
बेअरिंग बदलले. ब्रॅकेट बसेना.
कानस, दोन वॉशर, एक शिवी, बसला.
पुली लेथवर थोडी बारीक करून आणली,
इंजिन एकदा फिरलं की हा आधीपेक्षा जास्त फिरेल,
म्हणजे जेट्टीवरही मिळेल.
मग अजून बारीक कर की, त्या म्हणाल्या.
नको. पट्ट्याला धरायला जागा उरणार नाही,
घसरेल, किंचाळेल,
आणि उतारावर हा गरागरा फिरून जळेल.

एक सांगून ठेवतो, फुकट काही नाही यात.
जास्तीची वीज इंजिनाकडूनच ओढतो हा,
पेट्रोल जरा जास्त जाईल.
जाऊ दे, म्हणाल्या.
मासळी कुजते ती काय कमी खाते?

दिवेलागणीला मेहताबच्या बॅटरीवर स्टार्ट मारला.
सगळं चालू: दिवे, पेटी, पंखा.
गाडी जागेवरच गुरगुरते आहे
आणि मीटरचा काटा तेरा-आठला.
हलत नाही. मी काचेवर टिचकी मारून बघितली.

मग त्यांनी टेप लावला.
हर्णैचं ताजं, हर्णैचं ताजं,
पातळ, घाईचा, जरा लाजणारा आवाज.
इतकी वर्षं तो जाडसर, ओढत यायचा,
तापाने पडलेल्या माणसासारखा,
त्यांना वाटलं होतं आपण असंच बोलतो.
कोण ही, म्हणाल्या.
बंद केला. पुन्हा लावला.
मी पान्हे पुसत राहिलो.

पैसे मोजून दिले, दोन हजार चारशे चाळीस.
साठ राहिले, आणि सुरमई उद्या.
आजची विकायची आहे अजून
टाळसुऱ्यापर्यंत.