न बोलावता येणारा

भुसावळात सूर्याला कुणी बोलवत नाही.
तो सातलाच येऊन पत्र्यावर बसतो,
माठाला घाम फोडतो,
रात्री भिंतींतून बाहेर पडत राहतो.
मे महिन्यात तिकडे रावेरला
केळीची पानं कडेकडेने ओढत जातो, विडीसारखी.

तरी माझा बाप, सुपडू भंगाळे, लोको शेडचा फायरमन,
रात्रभर इंजिनाच्या पोटात कोळसा फेकून
घरी यायचा, अंघोळ करायचा
आणि आणखी एका आगीपुढे उभा राहायचा.
कमरेला ओला पंचा, हातात तांब्या.
आई म्हणायची, "त्याला सांगा, आज सुट्टी घे."

संस्कृत त्याचं रुळांवरून घसरलेलं.
जोडाक्षर आलं की
सांधा ओलांडताना डबा खडखडावा, तसा आवाज.
स्तोत्र शिकवलं एका म्हाताऱ्या गार्डने,
सिग्नल मिळत नव्हता त्या रात्री,
आणि अर्थ एवढाच सांगितला:
"रणात एक जण दमला होता, सुपडू.
देवच होता, तरी दमला.
तेव्हा हे त्याच्या कानात सांगितलं."
बापाला तेवढं पुरलं.
जिंकण्याशी त्याला घेणं नव्हतं.
दमणं कळत होतं.

मला कुणी शिकवलं नाही.
मोरीत त्याचे काळे कपडे घासता घासता
नावं हातांत शिरली.
पोळणारा तोच, पिकवणारा तोच,
आणि दोन्ही एकाच दमात.

पुढे भट्टीच्या उजेडाने बापाची नजर नेली.
हात धरून मी त्याला तापीवर न्यायचे.
पाणी कमी, खडक जास्त.
तो विचारायचा, "उगवला का?"
मी म्हणायचे, "कपाळाला लागला की कळेल तुम्हाला."

तापी त्याची लेक, असं म्हणतात.
स्वतःच्याच उन्हाने पोळला,
तेव्हा त्याने तिला जन्माला घातलं.
बायका हे सांगताना पदराने वारा घेतात
आणि पुढचं सांगत नाहीत:
त्याने तिला एकदा तरी विचारलं का,
तुला कुठे पोळतं?

माघातली सप्तमी होती.
बाप मध्येच थांबला.
एक नाव सापडेना.
ओंजळीतलं पाणी बोटांतून गळत होतं,
पुलावर मालगाडी संपता संपत नव्हती,
तो मागच्या नावावर जायचा,
वेग घेऊन यायचा,
पुन्हा तिथेच अडायचा.
मी गुडघाभर पाण्यात, त्याच्या सदऱ्याला साबण लावत.
नाव माझ्या तोंडून गेलं.
त्याच्याच चुकीसकट.

बाप वळला. आवाज आला तिकडे नाही,
थोडा डावीकडे.
"पुढचं?"

मी पुढचं म्हटलं.
मग त्याच्या पुढचं.
सदरा हातातून सुटून खडकाला अडकला, राहू दिला.
रिकामी ओंजळ तशीच धरून तो ऐकत होता,
ऊन कपाळावरून नाकावर उतरलं होतं.
एकदाच मध्ये बोलला,
"हळू घे, व माय. तठी चढाव आहे."