भरती

टाकी पुरुषोत्तमची. तो चाकणला गेला
दोन मासे आणि हिरवी पडत चाललेली काच
माझ्या गळ्यात घालून.
'कोळंबी सोड, अम्मा,' फोनवर म्हणाला, 'ती शेवाळ खाते.'
कोळंबी मला माहीत होती ती वाळवलेली,
मंगळवार बाजारात मापानं मिळणारी.

इरण्णाच्या दुकानात पिशव्या टांगलेल्या,
पिशव्यांत पाणी, पाण्यात मजूर.
'या अमानो. कामाला वाघ, पण महाग,
आणि पिल्लं इथल्या पाण्यात जगत नाहीत.
या लाल चेरी. काम सावकाश, पण घरच्या होतात, वाढतात.
ही काचेसारखी, सगळ्यात स्वस्त,
कधी टिकते, कधी नाही.
कुठली देऊ?'

मी गप्प.
कामावर कुणाला घ्यायचं, हे मला
आजवर कुणी विचारलं नव्हतं.

सव्वीस वर्षं टॉवेलच्या कडेचे सुटे धागे कातरले,
डझनावर पैसे.
मालक दारात उभा राहून आमची बोटं बघायचा.
तोंडं नाही.

मीही बोटंच बघितली.
लाल होत्या त्या तळाशी वाकून
दगडावरचं काहीतरी वेचत होत्या,
तोंडाशी नेत होत्या, परत वेचत होत्या,
एकही हात रिकामा नाही.
'या दहा द्या.'

'घरात तांबं आहे?' पिशवीला रबर लावता लावता इरण्णा.
हंडा आहे, आईनं दिलेला. नळ चार दिवसांआड,
पाणी त्यातच भरते.
'त्यातलं थेंबभरही नको. तांब्यानं मरतात.'
घ्या. आम्ही तेच पाणी रात्रभर ठेवून
सकाळी औषध म्हणून पितो.

'आणि खायला जास्त घालू नका.
पोट भरलं की काम करत नाहीत.'

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.
याच शब्दांत. बोनसच्या वेळी.

निळी बादली घेतली. दोन दिवस पाणी उघडं ठेवलं.
एप्रिलात पारा त्रेचाळीसवर, दुपारी वीज गेली,
तेव्हा काचेभोवती ओला टॉवेल गुंडाळला,
दुसऱ्या दर्जाचा, कड वाकडी,
कदाचित माझ्याच हाताखालून सुटलेला.

नवव्या दिवशी तळाशी एक आडवी.
चमच्यानं वर काढली, तर नुसतं कवच,
मिशा, पाय, सगळं जागच्या जागी,
आत कुणी नाही.
मोजल्या. नऊ.
पुन्हा मोजल्या.
दहावी मुळांच्या मागं, मऊ, अंग चोरून,
नवं कवच घट्ट व्हायची वाट बघत.

ती दोन दिवस कामावर आली नाही.
मी कुणाला सांगितलं नाही.
पालकाचं एक पान उकडून, गार करून
तिच्या बाजूला सोडलं.

डावा कोपरा अजून हिरवा आहे.
असू दे.