दार वाजवायचं बटण

माझ्या खेळात बंदूक नाही.
ऊन आहे.
बर्डीवरून निघायचं, सक्करदऱ्याला पोचायचं,
मे महिना, दुपार, पायी.
वर डाव्या कोपऱ्यात एक मडकं काढलंय,
उन्हात उभं राहिलं की त्यातलं पाणी उतरतं,
सावलीत आलं की थांबतं.
संपलं की पडदा पांढरा होतो,
इतका पांढरा की आपला हातही दिसत नाही.
झालं. एवढाच खेळ.

सर म्हणाले, कल्पना बरी आहे, पण मजा कुठंय?
मी वहीत लिहिलं : मजा कुठंय.
खाली दोनदा रेघ मारली
आणि तीन आठवडे ती शोधतेय चौकटीच्या कागदावर,
एका चौकटीला एक पाऊल,
निंबाला नऊ चौकटी,
टपरीच्या ताडपत्रीला चार,
बंद रसवंतीच्या छपराला दोन, पण ते हलतं.

लहानपणी वाटायचं, रस्ता माझ्यासाठीच उघडतोय.
आता कळतं, कुणीतरी रात्र जागून
ते नाणं तिथं ठेवलेलं असतं,
मी वळावं म्हणून.
तेव्हापासून धड खेळता येत नाही.
भिंतीला घासून चालते, फट शोधते,
बनवणाऱ्याचा हात कुठं थकला ते बघते.

पहिल्यांदा सुगत रामटेकेला खेळायला दिला.
नियम असा की बनवणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही.
तो पहिल्याच निंबाखाली गेला आणि थांबला.
एक मिनिट. चार मिनिटं.
मी जीभ चावून उभी.
शेवटी राहवलं नाही. "पुढं जा ना."
"काहून जाऊ बे? इथं मस्त हाय."
घड्याळ लावायचं मीच विसरले होते.
वहीत लिहिलं : खेळाडू सुखी आहे. दुरुस्ती करणे.

मग बाबा.
एकवीस वर्षं विजेचे मीटर वाचतात,
महाल, इतवारी, गोळीबार चौक, दारोदार.
पहिल्याच वळणावर बोट उचललं.
"हे सावली चुकली."
"बाबा, ते नुसतं चित्र..."
"दोन वाजता या अंगाला सावली नसते. भिंत तापून असते.
हात लावून पाय एखाद्या दिवशी."
अशा आठ जागा.
मी आठ सावल्या उचलून रस्त्यापलीकडे ठेवल्या.

तिसरी लेव्हल मेच्या अखेरची.
बारा वाजून दहा मिनिटं, सूर्य नेमका डोक्यावर,
झीरो माइलचा खांबसुद्धा
आपली सावली पायाखाली दाबून उभा.
पुढच्या गल्लीत मी एकही झाड ठेवलेलं नाही.
इथं पळायचं.
तळाशी दोन घोट, समोर सत्तर चौकटी,
जमलं तर जमलं.
हीच ती मजा, असं मला वाटलं होतं.

बाबा पळाले नाहीत.
एका निळ्या दारापाशी जाऊन उभे राहिले.
"वाजवू कसं?"
"काय?"
"दार. कोणतं बटण?"
असं बटण नाही.
"मंग हा माणूस जगन कसा?
बारा वाजता कोणी पळते का? दार वाजवते, पानी मांगते.
मी काय एकवीस वर्षं पळत रायलो?"
पडदा पांढरा झाला.
त्यांनी चष्मा पुसला
आणि कूलरच्या टाकीत पाणी टाकायला उठून गेले.

रात्रीचा दीड.
त्या गल्लीतली एकतीस दारं
मी एकदा रंगवून एकतीस वेळा चिकटवलीत.
मागं काही नाही, करडी पोकळी.
टेबलाच्या प्लायवर बोटं आपटून
टकटक रेकॉर्ड केली. तिसऱ्या वेळी बरी आली,
कूलरची घरघर तेवढी राहिली मागं. राहू दे.

पहिलं दार. निळं.
आत एक बाई असावी बहुतेक,
झोपमोड झालेली, कपाळावर आठी,
हातात मात्र तांब्या.
दुसरं दार उघडणारच नाही, आत टीव्हीचा आवाज.
तिसऱ्यात

कागद संपला.
वही उलटी करून
मागच्या पानापासून सुरू करते.