डमी गाव

शुक्रवार, दुपारी साडेबाराचा तास.
बी.कॉम. तिसरं वर्ष, वरुड.
मी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासानं मोजलेला माणूस :
सकाळी मोर्शी, दुपारी इथं,
मधल्या एसटीत डबा.

विषय वाहतुकीचा. फळ्यावर तक्ता आखला.
डावीकडे गावं : शेंदुरजना तीस ट्रक,
बेनोडा पंचवीस, लोणी पंचवीस.
वर बाजार : नागपूर चाळीस, रायपूर वीस, हैदराबाद पंधरा.
करा म्हटलं बेरीज.
इकडे ऐंशी, तिकडे पंच्याहत्तर.
पाच ट्रक संत्रा कुणालाच नको.

पुस्तकात यावर उपाय आहे, दोन ओळींचा.
एक स्तंभ वाढवा, नाव द्या डमी,
मागणी पाच, भाडं शून्य.
मी तीन शून्यं काढली एकाखाली एक.
गोलाई छान जमली होती.

मोनाली धरमाळे उभी राहिली.
बाप मंडीत हमालांचा मुकादम,
तिला क्रेटचं वजन आकड्याआधी खांद्यानं कळतं.
"सर, हे डमी गाव कोन्या तालुक्यात येते जी?"
वर्ग हसला. मीही हसलो.

मग वायव्य कोपऱ्यापासून भरत निघालो,
(खिडकीतून वायव्येलाच सालबर्डीचे डोंगर,
आमच्या पद्धतीशी त्यांचा संबंध नाही)
शेंदुरजन्याचे तीसच्या तीस नागपूरला,
बेनोड्याचे दहा नागपूर, पंधरा रायपूर,
लोणीचे पाच रायपूर, पंधरा हैदराबाद,
उरलेले पाच
डमीला.

"लोणीचेच काहून?"
ती लोणीची.
मी म्हणालो, ही नुसती सुरुवात आहे, सुधारायचं पुढे.
"शेवटच्या ओळीत लिहिलं म्हणून,"
ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

पुढच्या शुक्रवारी वही घेऊन आली.
माझी शून्यं खोडलेली.
"फेकाले बी पैसे लागते, सर.
हमाली लागते, ट्रॅक्टरचं डिझेल लागते.
चुरी काय आपल्या पायानं चालत जाते?"
बापाला विचारून आणलेले आकडे, ट्रकमागे :
शेंदुरजन्याहून साडेचार हजार,
बेनोड्याहून तीन,
लोणीहून बाराशे.
नाला त्यांच्या गावाच्या पाठीशीच आहे.

आम्ही पुन्हा सोडवलं.
तास गेला, सुट्टी गेली,
रिकाम्या घरांभोवती फेरे मारले,
एकेक घर तपासलं,
वजाचं चिन्ह कुठंच उरलं नाही तोवर.
नागपूरचे ट्रक इकडचे तिकडे झाले,
रायपूर बेनोड्याकडून सरकलं,
एकूण खर्च उतरला, चांगला उतरला,
आणि ते पाच
फिरून लोणीलाच.

या वेळी ओळीमुळे नाही.
तिनंच आणलेल्या खऱ्या आकड्यांमुळे.

मला काहीतरी बोलायचं होतं,
पुस्तकात नव्हतं ते.
ती फळ्याकडे बघत राहिली, डस्टर तिच्याच हातात.
"आता बराबर आहे," म्हणाली,
आणि वहीतलं डमी खोडून
वर लिहिलं : आमच्या मांगचा नाला.

मार्चमध्ये पेपर तपासायला आले.
आदर्श उत्तरात डमीची किंमत शून्य,
दुसरं काही लिहिलं तर अर्धा गुण कमी.
एका पेपरात शून्य नव्हतं.
नाव नसतं पेपरावर, नुसता क्रमांक,
पण सहाचा आकडा तसा काढणारी
वर्गात एकच.

लाल पेन उघडं ठेवून मी बसलो होतो एसटीत.
लोणी फाट्याला गाडी थांबली.
दोघं उतरले, एक बाई चढली,
कंडक्टरनं घाईनं काच ओढून घेतली.
आंबूस गोड वास त्याआधीच आत शिरला होता,
तिकीट न काढता.