निळी काच

फैजपूरच्या कॉलेजात ज्योत-परीक्षेच्या दिवशी
उखर्डू मामा प्रयोगशाळेच्या खिडक्या लावून घ्यायचे.
मार्चचं ऊन फटीतून येईल तेवढंच,
आणि बर्नरची ज्योत
स्वतःचा रंगच नसल्यासारखी, सुंसुं करत उभी.

नेहेते सर तार आम्लात बुडवायचे, मग क्षारात,
मग आगीत.
कॅल्शियम विटकरी. हा रंग ओळखीचा,
भट्टी फोडली की विटा अशाच निघतात.
स्ट्रॉन्शियम किरमिजी.
तांबं मोराच्या मानेचं, हिरवं म्हणावं तोवर निळं.
बेरियम, पुस्तकानुसार, सफरचंदी हिरवं.
हिरवं सफरचंद वर्गात कोणी पाहिलं नव्हतं.
सफरचंद लाल असतं
आणि ते दवाखान्यात न्यायचं असतं.
‘पोपटी लिहा,’ सर म्हणाले,
आणि फळ्याकडे तोंड करून हसले.

मी औषधाच्या बाटलीत राख नेली होती,
आमच्या चुलीतली, केळीच्या वाळल्या खोडाची.
आई सावद्याच्या मळ्यात घड वाहायची.
तिच्या लुगड्यावर चिकाचे काळे डाग,
ते काढायला तीच राख, आणि ते निघायचे नाहीत.

तार आगीत धरली.
पिवळं. भसकन पिवळं. दुसरं काहीच नाही.
‘मीठ आहे, बस खाली,’ मागच्या बाकावरून कोणीतरी.

नळाशी नळ्या विसळत मामा म्हणाले,
‘तारेले हात लावला व तू.
घामाचं मीठ हाये ते. चिमटीभर असलं
तरी बाकीच्याईले दिसू देत नाही.’
हात पुसून त्यांनी खण उघडला,
एका कोपऱ्यात टवका उडालेली जाड निळी काच
खाकी शर्टावर घासून माझ्या डोळ्यापुढे धरली.

पिवळं गेलं.
सर, बाकं, वर्ग, सगळं शाईत बुडालं
आणि ज्योतीच्या कडेला, अगदी कडेला,
बामणोदच्या वांग्याला फूल येतं
तसला जांभळट, किंचित तांबूस रंग.
दोन श्वास. मग तोही नाही.

निरीक्षण लिहिलं. अनुमान लिहिलं : पोटॅशियम असावं.
‘असावं’ सरांनी खोडलं, ‘आहे’ केलं.

एका रात्रीपुरती काच मागून घेतली.
आई उशिरा आली. पाठीवर चोळी वाळलेली,
मिठाच्या पांढऱ्या रेघा, नकाशातल्या नद्यांसारख्या.
चुलीत खोड धुमसत होतं.
मी काच तिच्या हातात दिली, म्हटलं, जाळात बघ.
तिनं जाळात नाही, माझ्याकडे बघितलं.
‘तू त निळी दिसते व.’
बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, ‘धर हे. भाकर करपली.’

सकाळी मामांनी काच उजेडात धरली,
तिच्यावर बोटांचे ठसे होते, मोठे,
चिकट, काळसर.
नेहमीसारखी शर्टावर पुसली,
खणात ठेवली,
कुलूप लावलं.