लाईफ टॅक्स

दोन हजार नऊच्या दसऱ्याला गाडी घेतली
तेव्हा शोरूमचा पोरगा म्हणाला होता,
लाईफ टॅक्स भरलाय काका, आयुष्याची कटकट मिटली.
मी ते आयुष्य माझं समजलो.

पंधरा वर्षं निघालं ते.
जॅकार्डची कार्डं पंच करणारा माणूस मी,
चाळीस वर्षांत एक भोक इकडचं तिकडं होऊ दिलं नाही,
माझ्या हातचा मोर चादरीवर कधी लंगडा उतरला नाही,
आणि आरसी बुकाच्या कोपऱ्यातली तारीख
तेवढी वाचायची राहिली.

विजापूर रोडला लिंबाखाली पीयूसीची व्हॅन.
लाईट गेलेली. जनरेटर चालू.
त्याचा काळा धूर माझ्या काचेवर बसतोय
आणि इर्शाद माझ्या सायलेन्सरमध्ये नळी सरकवतोय,
तापलेल्या पोराच्या काखेत थर्मामीटर ठेवावा
तसा, हळूच.
'रेस करा की.'
केली.
'एवढी नको बे,' म्हणाला, मग जीभ चावून, 'मामा.'

भूलक्ष्मी पुढच्या सीटवर, पदर नाकाला.
मी विचारलं, ह्या जनरेटरचं पीयूसी कुठंय?
इर्शाद हसला.
'त्याला नंबर प्लेट नाही ना मामा.'

पास. सहा महिने.

आरटीओच्या मैदानात ऊन बेचाळीस.
रांगेत सगळ्या आमच्याच वयाच्या गाड्या,
रंग उडालेल्या, पण सकाळी धुऊन आणलेल्या,
वधूपरीक्षेला थोराड पोरगी उभी करावी तशा.
हॉर्न वाजवा. वायपर फिरवा. डावीकडचा इंडिकेटर.
डावीकडचाच नेमका रुसतो, थाप मारली की लागतो.
मारली.

साहेबांचा माणूस वाकून चेसिसवर कागद धरतो,
वरून पेन्सिल घासतो.
लहानपणी आम्ही चाराण्यावर घासायचो, तसंच.
आकडे एकेक वर येतात.
इतकी वर्षं पोटात घेऊन फिरतेय,
मी आज पहिल्यांदा बघितले.

माझ्यापुढं बिराजदारबाई, चन्नम्मा.
खिडकीतून आवाज आला,
गाडी मयताच्या नावावर आहे,
आधी नाव बदला, मग पासिंग, उशिराचा दंड वेगळा.
त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत
मृत्यूचा दाखला आणि पीयूसी एकमेकांना चिकटलेले.
बाई ते नखानं सोडवत राहिल्या.
'ह्यांना ठाऊक असायचं हे सगळं,' म्हणाल्या,
कुणाला ते कळलं नाही.

मग पर्यावरण कर.
मी कुरकुरलो. गाडी निघते महिन्याला चारदा,
दवाखाना, मंगळवारचा बाजार,
लेक आली की एसटी स्टँड, कधी अक्कलकोट.
एवढ्यानं कुठलं आभाळ काळं होतंय?
भूलक्ष्मी म्हणाली, भरा.
तिची आई विड्या वळायची, सुपात तंबाखू घेऊन, दाराशी.
खोकायची, आणि आम्ही म्हणायचो, वय झालं.
तिच्या खोकल्याचा कर कुणी भरला नाही,
हे ती बोलली नाही.
भरा, एवढंच बोलली.
भरला.

भंगारवाला फाटकापाशीच उभा असतो.
बोनेटवर बोटं वाजवून भाव सांगतो,
कलिंगडवाल्यासारखा.
मी काच वर केली.

घरी फाईलमध्ये कागद लावताना
भूलक्ष्मीनं दोन कागद शेजारी धरले.
एक गाडीचा, आणखी पाच वर्षांचा.
एक माझा, होटगी रोडच्या डॉक्टरचा,
स्टेंट टाकल्यावर ते म्हणाले होते,
आता पाच वर्षं बघायला नको.
'बघा,' ती म्हणाली, 'दोघांचं एकदमच संपतंय.'
'मुदतवाढ मिळते,' मी म्हटलं.
'कर भरला तर,' ती म्हणाली,
आणि फाईलची नाडी बांधली.

संध्याकाळी दूध आणायला निघालो. चालतच.
लिंबाखाली लाईट आलेली होती.
जनरेटर तरी चालूच.
इर्शाद बंद करायला विसरला असेल,
किंवा बंद केला तर परत लागत नसेल.
जुना आहे.