पासष्ट टक्के

माझ्या खोलीत बारा महिने एकच ऋतू.
वीस अंश, पासष्ट टक्के दमटपणा.
बाहेर समुद्रावरून बर्फ येवो
की वादळानं कौलं उडोत,
धागा इथं आधी रात्रभर निजतो,
मग मी त्याला चिमट्यात धरून ओढतो
आणि त्याचा ताठा आकड्यांत उतरवून घेतो.

इतोईबाई कागद लांब धरून वाचतात.
वय एकोणऐंशी, योसानोत दोन माग अजून चालू.
"हा माझा धागा नव्हे."
तुमचाच आहे, लडीवर चिठ्ठी आहे.
"माझा शेडमध्ये असतो. तिथं काल पाऊस होता."

मग मी समजावतो, पगार त्याचाच मिळतो:
रेशमाच्या साखळ्या एकमेकींचे हात घट्ट धरून असतात,
पाणी मध्ये शिरतं, हात सोडवतं,
सुटलेले हात स्वतःच धरून बसतं.
म्हणून ओला धागा नमतो,
पिळायला गेलं तर त्याहूनही नमतो.
सुताचं निराळं, भिजून मऊ पडतं
पण तुटायला हट्टी होतं.
नायलॉनसुद्धा पाणी पितो, चोरून.

आपल्याच घराचा पत्ता परक्यानं सांगावा
तशा त्या ऐकत राहतात.

"तुझे वडील चातीवर पाण्याची धार सोडायचे.
मीटरला तीन हजार पीळ.
कोरड्यात घालून बघ, मग आकडे सांग."

वडील जेवायला बसत तेव्हा
त्यांची बोटं पांढरी, सुरकुतलेली,
बाकीच्या माणसाआधीच म्हातारी झालेली.
उकळत्या कोशांचा वास माझ्या गणवेशाला यायचा.
मी कोरडी नोकरी शोधली.

"खिडकी उघड."
खोलीला खिडकी नाही, म्हटलं.
तेव्हा त्या यंत्रावर वाकल्या
आणि चश्म्याची काच पुसण्याआधी घालतात
तशी तोंडाची वाफ घातली धाग्यावर,
एकदा, दोनदा, बऱ्याच वेळा.
"आता ओढ."

पडद्यावरची रेघ चढता चढता कलली,
जेवणानंतर भिंतीला टेकणाऱ्या माणसासारखी.

अहवालात श्वासाला रकाना नाही.
मी काही लिहिलं नाही,
त्यांनीही विचारलं नाही.

आमच्याकडे म्हणतात, डबा विसर, छत्री विसरू नको.
त्या छत्री विसरून गेल्या.
दाराशी टेकलेली, टोकातून अजून थेंब,
आणि भिंतीवरचा काटा सहासष्टवर.
यंत्र घरघरत त्याला मागे ओढू लागलं आहे.

नियमाप्रमाणे ती बाहेर ठेवायला हवी.
ठेवीन.
थोड्या वेळानं.